पिकअपच्या डाल्यात खोली बसवून जंगलात मुक्काम, आपल्या मेळघाटात जमते का हे?

संत्रापिकअप (वरुड)

राम राम मंडळी. आपल्याजवळ बोलेरो पिकअप हाय, सिंगल केबिन, १.७ टनवाली. संत्र्याच्या आंबिया बहाराचा तोडा झाला अन मृग बहाराचाही निपटला की गाडी शेडमध्ये उभी, डाल्यात (मागच्या हौद्यात) कोंबड्या बसते अन तिथंच अंडे घालते, बायको म्हणते हप्ते काय कोंबड्यांसाठी भरून रायले का. तं मागच्या महिन्यात रात्री झोप येत नव्हती म्हणून मोबाइलवर अमेरिकेतले व्हिडिओ पायले. ते लोक ट्रकच्या डाल्यात अख्खी खोलीच बसवते, आत गादी, शेगडी, पाण्याची टाकी, अन तशीच गाडी घेऊन पहाडातल्या नॅशनल फॉरेस्टमध्ये घुसते, ना बुकिंग ना पैसे, झाड चांगलं दिसलं की गाडी लावली, आठ-आठ दिवस मुक्काम. डिस्पर्स्ड कॅम्पिंग म्हणते म्हणे त्याले. मले वाटलं हे तं आपल्याले जमते, पिकअप हाय, पहाड हाय, जंगलही काही दूर नाई.

तं बेत असा का डिसेंबरात नाताळच्या सुट्ट्यांत चार दिवस, मी, बायको अन दोन पोरं (११ अन ७ वर्षं), चिखलदऱ्यावरून सेमाडोह-हरिसालकडं निघायचं अन सिपना नदीच्या काठी कुठंतरी गाडी लावून रायचं. परतवाड्यात बॉडीवाल्याले विचारलं तं तो म्हणे बनवून देतो, पण त्यानं आधी कधी बनवला नाई. डबा कायचा बनवायचा, आरटीओवाले काही म्हणते का, अन जंगलात रात्री थांबू देते का, कोणी केलं असन तं सांगा. व्हिडिओच्या लिंका टाकू नका राजेहो, व्हिडिओ लय झाले.

अकोटचा_पोट्टा

बोलेरो कॅम्पर घ्यायची ना भाऊ, नावातच कॅम्पर हाय. हाहा.

घाटवळण (परतवाडा)

भाऊ आधी वाईट बातमी देतो मग चांगली. सिपनेच्या काठी तुम्ही म्हणता तशी गाडी लावून राहता येत नाही. सेमाडोह, कोलकास, हरिसाल हा सगळा पट्टा मेळघाट व्याघ्र प्रकल्पातला, १९७३ मध्ये प्रोजेक्ट टायगर सुरू झाला तेव्हा पहिल्या नऊ जागांमध्ये आपलं मेळघाट होतं. अभयारण्यात परवानगीशिवाय शिरायचं नाही हे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम २७ मध्ये लिहिलं आहे, अन विस्तव पेटवायचा नाही हे कलम ३० मध्ये. तुम्ही म्हणान अभयारण्याच्या बाहेर लावतो, तं बाहेर राखीव जंगल लागते अन तिथं १९२७ चा भारतीय वन कायदा, कलम २६, परवानगीशिवाय शिरणं अन जाळ करणं दोन्ही गुन्हा. म्हणजे आपल्याकडं जंगल आधी बंद असते, मग जेवढं उघडलं तेवढं उघडं. अमेरिकेत उलटं असन तं ते त्यांचं त्यांना.

ह्यात मी स्वतः पोळलेलो आहे म्हणून सांगतो. कॉलेजात होतो, सहा जण, फेब्रुवारीचा शेवट, घाटाखाली एका नाल्यात रोडगे (गोवऱ्यांच्या राखेत भाजायचे कणकेचे गोळे) लावायला गेलो. गोवऱ्या घरून नेल्या होत्या, वांगे नेले होते, सगळं व्यवस्थित. जागा पाहिली सावलीची, सागाखाली. आता फेब्रुवारीत सागाचा पाला म्हणजे पापड, पाय ठेवला की कुरकुर वाजते. रोडगे राखेत दाबले अन आम्ही पत्ते खेळत बसलो. वारा सुटला, एक ठिणगी बाजूच्या पाल्यावर गेली अन पुढच्या दोन मिनिटांत आगीची एक बारीक रांग नाल्याच्या वर चढायला लागली, जाळ घोट्याएवढाच होता पण चालत होता, अन चालताना आवाज येते त्याचा, चणे फुटल्यासारखा. आम्ही पाण्याच्या बाटल्या ओतल्या, कायचं काय. धूर पाहून वनरक्षक अन दोन मजूर आले, त्यांनी पहिले हिरव्या फांद्या तोडून आमच्या हातात दिल्या अन म्हणे झोडपा. तासभर झोडपलं. चेहरे काळे, हाताला फोड. मग नावं लिहून घेतली, दंड झाला, घरी बापाचे बोल वेगळे. रोडगे मात्र झाले होते, वनरक्षकानंच राखेतून काढले, खाल्ले नाहीत कोणी.

१५ फेब्रुवारी ते १५ जून जंगलात वणव्याचा सीझन धरतात, त्या दिवसांत तं जंगलाच्या आसपास काडी ओढायचा विचारच करू नका. तुमचा डिसेंबर त्या मानानं बरा आहे.

चांगली बातमी अशी की सेमाडोह, कोलकास, शहानूर इथं वनखात्याचीच राहायची सोय आहे, ऑनलाइन बुकिंग होते, कोलकासच्या रेस्ट हाउसवरून खाली सिपना दिसते. गाडी आवारात लावा, डब्यात झोपायचं का खोलीत ते आधी विचारून घ्या. अन चिखलदरा गावात तं काही प्रश्नच नाही, हॉटेलवाल्याला सांगा की खोली नको, आवारात गाडी लावू दे अन संडास-बाथरूम वापरू दे, डिसेंबरात शनिवार-रविवार सोडून गेला तं कोणीही हो म्हणते.

दर्यापूर_ते_डेन्व्हर

वा, आपल्या भागातला माणूस हे विचारून राहिला हे पाहून बरं वाटलं. मी मूळचा दर्यापूर तालुक्यातला, आता नऊ वर्षं कोलोरॅडोत, अन सहा वर्षांपासून तुम्ही व्हिडिओत पाहिलं तेच करतो, जुना ट्रक (इकडं पिकअपलाच ट्रक म्हणतात) अन त्यात जुना स्लाइड-इन कॅम्पर, म्हणजे डाल्यात सरकवून बसवायची खोली. घाटवळण भाऊंनी बरोबर सांगितलं, इकडं उलटं आहे, पण जेवढं उलटं व्हिडिओत दिसते तेवढं नाही.

पहिली गोष्ट नॅशनल पार्क वेगळं अन नॅशनल फॉरेस्ट वेगळं. पार्कात आपल्यासारखंच, ठरलेल्या जागी बुकिंग करून राहा. फॉरेस्ट हे शेती खात्याच्या फॉरेस्ट सर्व्हिसकडं असते, अशी १५४ फॉरेस्ट आहेत, सगळी मिळून १९ कोटी एकराच्या वर, त्यात लाकूडतोड चालते, गाई चरतात, शिकार चालते अन त्यातच लोकांना राहूही देतात. त्यामुळं ‘झाड दिसलं की गाडी लावली’ असं वाटते. पण प्रत्येक फॉरेस्टचा एक फुकट नकाशा असते, काळापांढरा, दिसायला एकदम भिकार, त्यात कोणत्या नंबरच्या रस्त्यावर गाडी जाईल, कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत, अन रस्त्यापासून किती फुटांच्या आत गाडी लावून राहता येईल हे ठिपक्यांनी दाखवलेलं असते. ते ठिपके नसले तं गाडी आत घालायची नाही. एका जागी बहुतेक ठिकाणी १४ दिवस, मग उठायचं. ओढ्या-तळ्यापासून १०० ते २०० फूट दूर. जिथं आधी कोणी राहिलेलं आहे, जमीन दबलेली आहे, तिथंच लावायची, नवीन गवत तुडवायचं नाही. नळ नाही, संडास नाही, कचरापेटी नाही. संडासाला पाण्यापासून २०० फूट म्हणजे सत्तर-ऐंशी पावलं जायचं, छोट्या फावड्यानं ६ ते ८ इंच खोल खड्डा, मग बुजवायचा, कागद पिशवीत घालून परत आणायचा. हो, परत आणायचा. माझी आई इकडं आली होती तेव्हा तिला हे सांगितलं तं म्हणे एवढ्या दूर येऊन तू पुन्हा लोटापार्टीच करून राहिला का.

अन आता ते फुकटचंही कमी होत चाललं. लोक एवढे वाढले की इथल्या क्रेस्टेड ब्यूट गावाकडच्या दऱ्यांत आता नंबर ठोकलेल्या जागांवरच राहता येते. उन्हाळ्यात कोरडं पडलं की आगीवर बंदी येते, पहिल्या टप्प्यात रानात शेकोटी बंद, फक्त बांधलेल्या कॅम्पग्राउंडच्या लोखंडी कड्यात चालते, दुसऱ्या टप्प्यात तिथंही बंद, गॅसची बटणवाली शेगडी तेवढी चालते. शेकोटी विझवायची तं पाणी ओतून, ढवळून, मग राखेत उलटा हात घालून पाहायचा, गरम लागली तं पुन्हा पाणी. 

आता कॅम्परचं. माझी पहिली चूक वजनाची. इकडं ट्रकच्या ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक पिवळं स्टिकर असते, माणसं अन सामान मिळून किती वजन चालेल ते. हाफ-टन नुसतं नावाला म्हणतात त्या साध्या ट्रकचं ते १,४०० ते २,००० पाउंड, म्हणजे साडेसहाशे ते नऊशे किलो. मी जो कॅम्पर पाहून आलो तो कागदावर बसत होता, पण कागदावरचं वजन कोरडं असते, पाणी नाही, बॅटरी नाही, गॅस नाही, बायको नाही. पाणी भरलं अन पहिल्या वळणावर गाडी अशी झुलली की बायको म्हणाली थांबव, मी पायी येते. मग तो परत केला अन कापडी छताचा, वर उचलता येतो तसला हलका घेतला. तुमची बोलेरो १,७०० किलो उचलते भाऊ, इकडच्या चकाचक ट्रकच्या दुप्पट. इथल्या मित्रांना सांगितलं तं विश्वास ठेवत नाहीत.

दुसरी गोष्ट उंची. सॅन व्हान पहाडात आम्ही १०,००० फुटांवर राहतो, तिथं पाणी ९० डिग्रीलाच उकळते. पहिल्या वर्षी मी हौसेनं पातेल्यात तुरीचं वरण लावलं. दीड तास. डाळ जशीच्या तशी, पाणी पिवळं. शेवटी आम्ही ते पिवळं पाणी भातावर घेऊन खाल्लं अन वर ठेचा. तेव्हापासून तीन लिटरचा कुकर कॅम्परमधून खाली उतरत नाही. तुमचं चिखलदरा १,११८ मीटर, तिथं ९६ डिग्रीला उकळन, काही फरक पडत नाही, पण कुकर न्याच.

वेल्डिंग_शेड (अमरावती रोड)

मी बॉडीचं काम करतो २० वर्षं झाले, ट्रक, दुधाच्या गाड्या, दोन फिरते दवाखाने. भाऊ पहिला सवाल, गाडी सिंगल केबिन, ड्रायव्हर अन बाजूले एक. तुमी चार जण. पोरं कुठं बसवसान?

संत्रापिकअप

पोरं मागं डब्यात, गादीवर. खिडकी ठेवतोच ना.

वेल्डिंग_शेड

तिथंच चुकलं. गाडी मालवाहू हाय, मागं माणूस बसवून चालवता येत नाई, वर डबा बंद, पोरं पट्ट्याशिवाय गादीवर, घाटात करकचून ब्रेक लागला तं ते केबिनच्या भिंतीवर जाते. पुन्हा काही झालं तं इन्शुरन्सवाला पहिले हेच विचारते का मागं कोण होतं. ती फॅमिली दुसऱ्या गाडीत आणा. डबा झोपायपुरता.

आता डब्याचं ऐका. चेसीसले वेल्डिंग मारू नका, नट-बोल्टनं कायमचा ठोकूही नका. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२, गाडी कंपनीनं बनवली अन आरसीवर लिहिली त्यापेक्षा येगळी करायची नाई, २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही हेच सांगितलं. खरीखुरी कॅरव्हॅन बनवायची असन तं तिचं येगळं मानक हाय, एआयएस-१२४, पासिंग येगळं, खर्च येगळा, ते कंपनीवाल्यांचं काम. सरकारनं २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं ते अशा पासिंगवाल्या गाड्यांसाठी. आपण बनवायचा तो सुटा डबा, जसा तुमी फ्रिज किंवा कपाट लादून नेता तसा लादलेला माल. चार कोपऱ्यांले पाय, पायाले स्क्रू जॅक, जाग्यावर गेलं का पाय टेकवले, डबा उभा राहिला, गाडी खालून काढली. घरी आलं का तोच डबा शेडमध्ये उभा, कोंबड्याही राहतीन अन गाडीही मोकळी. तरी बनवायच्या आधी आरटीओत एक अर्ज देऊन लेखी विचारून घ्या, तोंडी हो म्हणणारे नाक्यावर कामी येत नाई.

सांगाडा २५ बाय २५ चा चौकोनी पाइप, २ मिमी. तो मीटरले दीड किलोच्या आतच भरते. भिंतीले लोक १८ मिमीचा प्लाय मारते, ते करू नका, आठ बाय चारचा एक तुकडा ३५ किलो, तसे आठ-नऊ लागते. पफ पॅनल घ्या, दूधवाल्या गाडीले लावते तेच, हलकं अन उन्हातही आत तापत नाई. नऊ फुटी डाल्यावर सहा फूट उंच डबा पकडला तं भिंती-छत-फरशी अडीचशे किलो, सांगाडा शंभर, पलंग-कपाट शंभर, पाणी १०० लिटर म्हणजे १०० किलो, ट्यूबलर बॅटरी पन्नासेक, भांडेकुंडे, बिस्तर. सातशेच्या आत बसते. तुमच्या गाडीले सातशे काहीच नाई. पण ऐका, संत्र्याचे क्रेट दीड टन भरले तरी वजन खाली बसते. डबा हलका असून वर उभा राहते, घाटातल्या वळणावर वारा अन वळण दोन्ही त्यालेच धरते. म्हणून पाण्याची टाकी, बॅटरी, गॅस सगळं फरशीलगत, अन मागच्या एक्सलच्या थोडं पुढं. मागं ठेवलं तं पुढचे चाक हलके होते, स्टेअरिंग लोण्यासारखं फिरते, चढावर पत्ताच लागत नाई गाडी कुठं चालली.

डबा चढवला का मंडीजवळच्या धर्मकाट्यावर जा. एकदा अख्खी गाडी, मग फक्त पुढचे चाक काट्यावर, मग फक्त मागचे. तीन पावत्या घ्या. रिकाम्या गाडीच्याही अशाच तीन आधी काढून ठेवा. पुढच्या चाकांचं वजन रिकाम्यापेक्षा कमी झालं असन तं टाकी पुढं सरकवा. शंभर-दोनशे रुपयांचं काम हाय, लोक हेच करत नाई.

संत्रापिकअप

वेल्डिंग भाऊ, पोरांचं खरंच डोक्यात नव्हतं आलं. साळ्याले फोन केला, त्याच्याजवळ वॅगन आर हाय, तोही येतो म्हणते अन त्याची बायकोही, म्हणजे आता आमी सहा झालो. डबा सहा जणांचा होईन का, का साळ्याले बाहेर झोपवू.

दर्यापूर भाऊ, तुमी वरणाचं सांगितलं ते घरी वाचून दाखवलं, बायको लय हासली, म्हणे अमेरिकेत जाऊनही ठेच्यावरच.

पण घाटवळण भाऊ, मले हॉटेलच्या आवारात नाई रायचं. तिथं डीजे राहते. मले ती शांतता पायजे होती, रात्री आवाज नाई पायजे अन वर तारे पायजे.

कपाशीवाली (अकोट तालुका)

भाऊ, मी शेतीच करते, नवरा अन मी दोघंही. तुम्हाला जे पाहिजे ते जंगलात नाही मिळणार, ते जंगलाच्या अलीकडच्या शेतात मिळन. अमेरिकेतलं नाव काय असन ते असो, आपल्याकडं त्याला जागल म्हणते. डुकरं-रोही येते म्हणून हरभऱ्याच्या नाहीतर तुरीच्या दिवसात माणूस शेतातल्या माळ्यावर (मचाणावर) जाऊन झोपतेच ना रात्रभर. काठेवाडी येते उंट-मेंढ्या घेऊन, ते तं वर्षभर हेच करते, आज ह्याच्या शेतात मेंढ्या बसवल्या, उद्या त्याच्या. कोणी त्यांचे व्हिडिओ काढत नाही.

आम्ही दोन वर्षांपासून हेच करतो. आमच्याजवळ व्हॅन आहे जुनी, मागची सीट काढून टाकली, गादी टाकली, बस. नवऱ्याच्या मामाचं शेत सातपुड्याच्या पायथ्याशी आहे, पोपटखेड्याच्या बाजूला, तिथून नरनाळ्याचा डोंगर समोर दिसते. शेत त्यांचं, त्यामुळं कोणाला विचारायची गरज नाही अन कोणी उठवायला येत नाही. तुम्हीही पायथ्याच्या गावातला ओळखीचा माणूस शोधा, संत्र्याचा धंदा आहे तं तुमच्या ओळखी आमच्यापेक्षा जास्त असतीन. त्याच्या शेतात थांबा, गावात पोलीस पाटलाला सांगून ठेवा की गाडी रात्रभर आहे, मग रात्री कोणी बॅटरी मारत येत नाही. जाताना पैसे देऊ नका, घेत नाही लोक, पोरांसाठी काही न्या.

पण तीन गोष्टी पाहा. एक म्हणजे माती. पहिल्या वर्षी आम्ही हौसेनं धुऱ्यावर व्हॅन लावली, काळी माती, वरून कोरडी ठक्क. रात्री दोन वाजता अवकाळी आला, अर्धा तासच, पण पुरला. सकाळी नवऱ्यानं गाडी चालू केली तं चाक फिरते अन गाडी जागीच खाली बसते, अर्ध्या तासात मागचं एक्सल मातीला टेकलं. चपला काढल्या तं पायाला दोन-दोन किलो माती. शेवटी मामांनी ट्रॅक्टर आणला, त्यालाही चेन लावून दोनदा जोर मारावा लागला, अन पऱ्हाटीच्या तीन ओळी गेल्या त्या वेगळ्याच. मामी अजूनही त्या तीन ओळींचा हिशोब काढते. तुमची तं भरलेली पिकअप राहीन. मुरमाची जागा पाहूनच लावा, खळ्याची असली तं सगळ्यात चांगली, तोंड रस्त्याकडं करून.

दुसरं म्हणजे रात्री अंधारात दुसऱ्याच्या शेतातून चालू नका, पोरांना तं अजिबात सोडू नका. डुकरांसाठी कोणी तारेत करंट सोडून ठेवते, चोरून, त्यात माणसं गेली आहेत. दिवसा मालकाला सोबत घेऊन कुठून कुठपर्यंत फिरायचं ते पाहून घ्या. संडासाची जागाही दिवसाच ठरवा.

तिसरं अस्वल. डिसेंबरात बोरं लागते, अस्वल बोरीखाली येते, अन मार्च-एप्रिलात मोहाखाली. ते दर्यापूर भाऊंकडच्या अस्वलासारखं डब्बा उघडून खायला नाही येत, त्याला आपलं काही नको असते, पण अचानक समोरासमोर झालं तं सरळ तोंडावर येते. बोलत चला, मोठा टॉर्च ठेवा, बोरीजवळ मुक्काम नको.

सहा जण डब्यात नका झोपवू हो. बायका-पोरं आत, तुम्ही अन साळा खाली बाजेवर. मच्छरदाणी न्या. डिसेंबरात पायथ्याला पहाटे दात वाजते, गोधड्या दोन जास्तीच्या.

दर्यापूर_ते_डेन्व्हर

ताई, आमचं अस्वलही आता तेवढं सभ्य नाही, एकदा शेजारच्या गाडीचं दार उघडून आतलं सगळं फाडून गेलं, अन त्यात होतं काय तं चिप्सची रिकामी पिशवी. आम्ही खाणं जाड डब्यात बंद करून गाडीपासून दूर ठेवतो, टूथपेस्टसुद्धा.

जागलीचं वाचून मात्र गलबलून आलं. माझे आजोबा जायचे जागलीला, मी चार-पाच वर्षांचा होतो, त्यांच्या घोंगडीचा वास अजून आठवते. अन मी इथं पैसे खर्चून तेच करून राहिलो.

थंडीवरून आठवलं, कोणी कोळशाची शेगडी डब्यात घेऊ नका. दर हिवाळ्यात इकडं असे लोक मरतात, कार्बन मोनॉक्साइडला वास नसते, माणूस झोपेतच जाते. आम्ही एक छोटा अलार्म लावतो त्याचा, बॅटरीवरचा.

वेल्डिंग_शेड

ह्याच्यात माझं एक. गॅस हवेपेक्षा जड असते, गळला तं वर जात नाई, फरशीवर तळ्यासारखा साचते. म्हणून ५ किलोच्या सिलिंडरसाठी येगळा कप्पा करा, त्याचं दार बाहेरून, आतल्या बाजूनं पूर्ण बंद, अन कप्प्याच्या तळाले दोन इंचाचं भोक थेट खाली जमिनीकडं. वरच्या खिडकीनं गॅस निघत नाई. झोपायच्या जागेलेही एक जाळी खाली अन एक वर, समोरासमोर. स्वयंपाक मात्र बाहेरच करा, मागचं दार वरती उघडणारं बनवतो, तेच छपरासारखं होते, खाली शेगडी.

अकोटचा_पोट्टा

अन कोंबड्यांसाठी खिडकी ठेवा एक.

घाटवळण

कपाशीवाली ताईंचं बरोबर आहे, मी जंगल-जंगल करत बसलो अन शेताचं सुचलंच नाही. पण चिखलदऱ्याला जाणारच असान तं परतवाड्यावरून धामणगाव गढीच्या रस्त्यानं पहिल्यांदाच डबा घेऊन चढू नका, वळणं कडक आहेत. घटांगकडून आलात तं बरं पडन. डबा खाली शेतात पायांवर उभा ठेवा अन रिकाम्या गाडीनं दिवसा वर जाऊन या. वर खवा-रबडी खा, कॉफीची झाडं दाखवा पोरांना, संध्याकाळी धुकं उतरायच्या आत खाली. धुक्यात तो घाट मी मोटरसायकलवरही टाळतो.

संत्रापिकअप

बस, मग ठरलं. शिरजगावकडं एक बागवाला हाय ओळखीचा, त्याचा संत्रा मी तीन वर्षांपासून वाहून रायलो, आत्ताच फोन केला. पहिले तं त्याले समजलंच नाई, म्हणे घर हाय ना माझं, गाडीत कायले झोपता. मग म्हणे या, विहिरीजवळ मुरमाची जागा हाय, मोटारीचं पाणी हाय, पहाड समोर दिसते. फक्त म्हणे जाळ करायचा तं विहिरीजवळच, बागेत नाई, ठिबकच्या नळ्या जळते. म्हटलं रोडगेच करतो, तुमीही या. वांगे त्याचेच.

डबा ह्या वर्षी नाई बनवत. वेल्डिंग भाऊ, पुढच्या वर्षी तुमच्याकडं येतो, पण आत्ता डिसेंबरात डाल्यावर पाइपाची कमान अन ताडपत्री, खाली दोन गाद्या, बायका-पोरं त्यात, मी अन साळा बाजेवर. रिकाम्या गाडीच्या तीन पावत्या आजच काढल्या, काटेवाला म्हणे रिकामी गाडी कोण तोलते. पुढच्या चाकांवर मागच्यापेक्षा जास्त वजन हाय, ते बरोबर ना? अन त्यात अर्धा क्विंटल कोंबड्यांचाच गाळ असन, कारण डाला धुवायचा रायला होता.

वेल्डिंग_शेड

बरोबर. डाला रिकामा तं वजन इंजिनावरच राहते. धुवून पुन्हा तोला.